मिश्री, दाढ आणि नवा गुडघा

निपाणीजवळच्या आमच्या आत्याचा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिला तोंड उघडायला सांगितलं. "डॉक्टर, दुखतोय गुडघा, तुम्ही दात काय बघताय?" आत्याने विचारलं. मिश्रीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने, हिरड्या काळ्या पडलेल्या, खालची दाढ किडलेली, हिरडी दाबली की पू. तारीख पुढे गेली. घरात सगळे नाराज झाले. पण त्या एका तपासणीमागे शंभरावर वर्षांचा इतिहास आहे.

१९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात मांडलं की तोंडातला पू साऱ्या शरीराला आजारी पाडतो. या विचाराची लाट आली आणि संधिवातावर उपाय म्हणून धडधाकट दातही उपटले गेले. दात गेले, सांधे दुखतच राहिले. पुढच्या दोन-तीन दशकांत ही उपचारपद्धत मागे पडली.

दात आणि सांधा यांची गाठ पुन्हा पडली ती इंग्लंडमध्ये. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये रायटिंग्टन रुग्णालयात खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायची आधुनिक पद्धत रुळवली. सांधा हाडात पक्का करायला त्यांनी वापरलेलं अॅक्रिलिक सिमेंट त्यांना सुचवलं होतं मँचेस्टरच्या दंत महाविद्यालयातल्या डेनिस स्मिथ यांनी. कवळीसाठी वापरतात त्याच जातीचं! पण सुरुवातीला जंतुसंसर्ग सात टक्क्यांच्या घरात होता. चार्नलींनी शस्त्रक्रियेच्या खोलीतली हवाच गाळून घेतली, इतर काळजीही वाढवली आणि प्रमाण एका टक्क्याच्या खाली आणलं.

इतकी धास्ती का? धातू-प्लास्टिकमध्ये रक्त फिरत नाही. जंतू तिथे एकदा चिकटले की स्वतःभोवती चिकट थर करतात आणि औषध आत पोहोचत नाही. मग सांधा उघडून धुवावा लागतो, कधी काढून पुन्हा बसवावा लागतो. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात, हे तर माहीतच होतं. अमेरिकेत हृदयाच्या झडपा जपण्यासाठी दंतोपचारांआधी अँटिबायोटिक द्यायची शिफारस १९५५ पासूनच होती. तीच रीत सांध्यांना लावली गेली. १९९७ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या आणि अस्थितज्ज्ञांच्या संघटनांनी सांधा बसवल्यानंतरची पहिली दोन वर्षं आणि जोखमीचे रुग्ण एवढ्यांपुरती ती ठेवली. २००९ मध्ये अस्थितज्ज्ञांनी सगळ्याच रुग्णांसाठी तिचा विचार करा म्हटलं. मग २०१० मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या अभ्यासात दंतोपचार आणि सांध्याचा संसर्ग यांचा संबंध दिसला नाही, आणि २०१५ पासून दंतवैद्यांची संघटना सांगते की सरसकट गोळी नको. सांध्यात सापडणारे जंतू बहुतेक वेळा त्वचेवरचे असतात. शिवाय हिरड्या बिघडलेल्या असतील तर नुसतं चावताना, ब्रश करतानाही जंतू रक्तात जातात. एका दिवसाची गोळी त्याला किती पुरणार?

मला वाटतं, गोळीच्या वादात तोंडाकडे दुर्लक्ष झालं आणि आपल्या सीमाभागाला ते परवडणारं नाही. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू हे पीक आहे, तशीच ती घरातली सवयही आहे. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि बोटाने हिरडीवर चोळायची. दाढ ठणकते तेव्हाही बाया मिश्रीच लावतात, कारण तिने थोडा वेळ बधिर वाटतं. त्यात साखरेचा आजार असेल तर हिरड्या आणखी खिळखिळ्या होतात, जखमही लवकर भरत नाही.

पूर्वी इकडची माणसं मिरजेच्या मिशन दवाखान्याची वाट धरत. बेळगावात १९६३ मध्ये वैद्यकीय आणि १९८५ मध्ये दंत महाविद्यालय आलं. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया पुष्कळ घरांच्या आवाक्यात आली.

आत्याची दाढ काढली, हिरड्या साफ झाल्या, मग गुडघा बदलला. सूचनांचा कागद कन्नडमधला होता. नर्सबाईंनी तो मराठीत दोनदा वाचून दाखवला. गेल्या दिवाळीत तिची वरची दाढ दुखू लागली. लवंग धरून बसायच्या ऐवजी ती दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे गेली आणि खुर्चीत बसण्याआधी म्हणाली, "गुडघा बदललाय माझा, साखरपण आहे. आधी ते लिहून घ्या."