रेंजवर बसतंय, मग राउंडला का बसत नाही?

"रेंजवर सगळे शॉट बसायलेत ओ, राउंडला गेलं की काय होतंय कळंना." बेळगावात गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हे ऐकायला मिळणारच. रेंज म्हणजे नुसते बॉल मारून सराव करायची मोकळी जागा, आणि राउंड म्हणजे कोर्सवरचा पूर्ण डाव. न खेळणाऱ्यांना आपला गोल्फ कोर्स आठवतो तो ऑगस्ट २०२२ मधल्या बिबट्यामुळे, शाळा बंद ठेवलेल्या आणि शोधायला हत्ती आणलेले. पण खेळणाऱ्यांचं दुखणं हे वरचं, आणि त्याचं कारण बऱ्यापैकी कळलेलं आहे.

रेंजवर काय होतं बघा. बादलीभर बॉल, हातात सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी), समोर तोच झेंडा. पहिले दोन-चार कुठंही जातात, मग हात बसतो आणि पुढचे सरळ जायला लागतात, आपण खूश. पण त्या पुढच्या बॉलना मेंदूला नव्यानं काही ठरवावंच लागत नाही, आत्ताच केलेली हालचाल ताजी असते, तीच थोडी सुधारून परत करायची. कोर्सवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारला की चालत जायचं, मग वेगळा क्लब, वेगळं अंतर, बॉल उतारावर, वारा आडवा, आणि चान्स एकच. ९० शॉटचा राउंड धरा, एका स्विंगला दोन सेकंद, म्हणजे चारेक तासांत प्रत्यक्ष मारणं फक्त तीन मिनिटं! बाकी सगळं चालणं, अंदाज आणि निर्णय, आणि नेमकं तेच रेंजवर होत नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर एक प्रयोग झाला, आपल्या क्रिकेटवाल्यांना तो लगेच पटेल. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, दर वेळी ४५ जादा बॉल. एका गटाला एका प्रकारचे १५, मग दुसऱ्या प्रकारचे १५, मग तिसऱ्या. दुसऱ्या गटाला तेच ४५, पण मिसळून, पुढचा कुठला येणार माहीत नाही. शेवटी मॅचसारख्या टेस्टमध्ये ओळीनं खेळलेल्यांची बॅटिंग सुमारे २५ टक्के सुधारली, मिसळून खेळलेल्यांची ५७ टक्के. बॉल तेवढेच, फक्त क्रम बदललेला.

आणि खरी गोची पुढं आहे. २००१ च्या एका प्रयोगात बटणं दाबायचे क्रम शिकवले, तेव्हा एकच क्रम सलग घोटणाऱ्यांना वाटत होतं की उद्या आपल्याला छान जमेल, आणि दुसऱ्या दिवशी तेच मागं पडले. म्हणजे सराव करताना सोपं वाटणं हा शिकल्याचा पुरावा नाही, रेंजवरून खूश होऊन येणाऱ्यानं हे मनावर घ्यायला पाहिजे.

म्हणून नुसते राउंडच खेळत सुटायचं का? तेही नाही. बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातला शॉट राउंडमध्ये एक-दोनदा येतो, चुकला तरी पुढं जावं लागतं, मग तो सुधारणार कधी? ज्याचा क्लब अजून बॉलला नीट लागतच नाही त्यानं सरळ एकच शॉट घोटावा, मिसळायची घाई नको. शिवाय मिसळून सरावाचा फायदा लॅबमध्ये जेवढा ठळक दिसतो तेवढा मैदानावर दर वेळी दिसत नाही, हेही खरं.

माझ्या मते राउंडनं दुखणं दाखवायचं आणि रेंजवर त्याचं औषध करायचं. राउंड संपल्या संपल्या शॉट कुठं गेले ते लिहून काढा. बरेच जण सगळा दोष पटिंगवर (होलजवळ बॉल हळूच ढकलण्यावर) टाकतात, पण कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांमधले लाखो शॉट तपासले तेव्हा चांगल्या आणि साधारण खेळाडूतला जवळपास दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या पलीकडच्या शॉटमधून आलेला निघाला. मग बादलीतले पहिले थोडे बॉल त्या दुखण्यावर घालवा, आणि उरलेल्यात आपला कोर्सच मनात खेळा, ड्रायव्हर, मग आयर्न, मग वेज (जवळच्या, उंच शॉटचा क्लब), दर बॉलला नवा झेंडा आणि मागं सरून परत उभं राहायचं. बॉल कमी होतात, वेळ जास्त जातो, जाऊ दे.

जूनमध्ये आपल्याकडं पाऊस धरला की जमीन मऊ पडते, बॉल पडेल तिथंच बसतो, राउंडही कमी होतात. तेव्हा घरात सतरंजीवर पटिंग करा, पुठ्ठ्याचा १०८ मिलिमीटरचा गोल कापा, होल तेवढंच असतं, आणि एकाच बॉलनं दर पट वेगळ्या अंतरावरून मारा, चुकला तरी तोच पट लगेच परत घ्यायचा नाही.