पांढरी

महाराष्ट्राच्या पठारावर गावाच्या राहत्या जागेला पांढरी आणि कसण्याच्या जमिनीला काळी म्हणतात. सरकारी दप्तरात पांढरीचे नाव गावठाण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घराचा पाया टिकत नाही; शिवाय पिकाची जमीन घरांत अडकवणे परवडणारे नसते. म्हणून वस्ती नदी-ओढ्याजवळच्या उंचवट्यावर बसे.

हा उंचवटा पुढे राहण्यातूनच वाढत जातो. मातीच्या भिंती ढासळतात, धाबी म्हणजे मातीची सपाट छपरे बसतात, चुलीची राख आणि खापरे साचतात आणि त्याच ढिगाऱ्यावर नवे जोते उभे राहते. गाव उठले तरी टेकाड उरते. महाराष्ट्राचा प्रागितिहास बऱ्याच अंशी अशा पांढरीच्या टेकाडांतून उलगडला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तेथे सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची घरे, धान्य साठवायच्या जागा आणि राहत्या घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुले सापडली. दुर्दैवाने ही माती खतासारखी उपयोगी पडते; गाड्या भरभरून ती शेतात गेली आणि कित्येक टेकाडे अभ्यासापूर्वीच संपली.

नांदत्या पांढरीत वेस, चावडी, देऊळ, पाटलाचा वाडा आणि बलुतेदारांची घरे असत. महारवाडा व मांगवाडा मात्र गावकुसाबाहेर. शिवेचा तंटा पडला की महारांची साक्ष मोलाची मानली जाई, त्याच महारांना कुसाच्या आत घर नव्हते. पांढरीबद्दल लिहिताना हे वगळले तर वर्णन खोटे ठरते. विहिरी व कालव्यांचे पाणी आल्यावर अनेक कुटुंबे शेतातल्या वस्त्यांवर राहायला गेली.

महसुलाचा डोळा काळीवर होता. शेताची मोजणी होऊन सातबारा झाला, पण पांढरीतल्या बहुतेक घरांना ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदीपलीकडे कागद नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर कर्ज मिळणे अवघड जाई. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणे मोजून घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जातात.