रुग्ण कल्याण समिती आणि देखरेख समिती: गल्लत कुठे होते?

गावात आरोग्य केंद्राबद्दल विचारलं की लोक सांगतात, "आमच्याकडे समिती आहे." कोणती, ते मात्र सहसा सांगता येत नाही.

रुग्ण कल्याण समितीची कल्पना इंदूरची. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. लोकांच्या मदतीने रुग्णालय साफ झालं आणि कारभारासाठी स्थानिक समिती असावी, हा विचार तिथे रुजला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तो देशभर नेला. या समितीकडे पैसा असतो. अभियानाच्या सुरुवातीच्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीसाठी वर्षाला १ लाख रुपये ठरले होते. गळका नळ, मोडकी बाकडी, पिण्याचं पाणी यांवर खर्च करायला ती उत्तम. कागदोपत्री तक्रारी ऐकणंही तिच्याकडेच आहे. पण वैद्यकीय अधिकारीच समितीत बसलेले असताना त्यांच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार?

लोकाधारित देखरेख व नियोजन ही प्रक्रिया वेगळी. महाराष्ट्रात ती २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. या प्रक्रियेतल्या देखरेख समित्या रुग्णालय चालवत नाहीत, त्या विचारपूस करतात. नर्सबाई गावात येतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का, औषध केंद्रात मिळालं की बाहेरून आणायला चिठ्ठी दिली? या उत्तरांवरून हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांचं प्रगतिपत्रक तयार होतं. मग जनसुनवाई. एरवी दारात ताटकळणारी बाई तिथे माइक हातात घेऊन आपला अनुभव सांगते आणि अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. या प्रक्रियेचं खरं बळ मला इथेच दिसतं. एकट्याने केलेला अर्ज फायलीत दडपता येतो, दोनशे माणसांसमोर दिलेला शब्द दडपणं अवघड जातं.

तेव्हा पंखा बंद असेल तर रुग्ण कल्याण समितीला गाठा. रात्री डॉक्टर नसतील, पैसे मागितले जात असतील, तर ते जनसुनवाईत मांडा. दोन्हींची सांगड 'नियोजन' या शब्दात आहे. नातेवाइकांना बसायला जागा नाही हे जनसुनवाईत पुढे आलं, तर शेड उभारायचा ठराव रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत यायला हवा. तो आला की नाही, हे देखरेख समितीने जाऊन पाहायचं.