पेवात अडकलेलं पान

"आधी कॅश क्लिअर करा," असं पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं आणि माझा मित्र चिडला. सांगलीच्या मार्केट यार्डात त्याची हळदीची अडत, तिसरी पिढी. "आमची कॅश रोजच्या रोज क्लिअर असते, तू मला शिकवू नको," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि मला लावला. "मास्तर, ते एआय उघडंना झालंय. नुस्तं पांढरं फट्ट पान येतंय. रुसलंय जणू. जरा येता काय?"

परगावच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला, आलेली पत्रं समजून घ्यायला तो ब्राउझरमध्ये उघडणारा एक एआय सहायक वापरतो. मी पोचलो तेव्हा राउटरला लिंबू-मिरची बांधून झाली होती. शिवाय कुणाच्या तरी सल्ल्यानं काँप्युटरचं तोंड ईशान्येला केलं होतं, त्यामुळे वायर इतकी ताणलेली की दिवाणजी तिच्यावरून पाय उचलून जात होते. मी काही बोललो नाही. पण वायर ताणून प्लग सैल झाला असता तर ईशान्य दिशेनं एक नवाच बिघाड दिला असता.

मुळात एआय रुसतही नाही आणि थकतही नाही. ते त्या टेबलावरच्या डब्यात नसतंच. ते दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतं. आपल्याकडे येतं ते फक्त पान, म्हणजे लिहायची चौकट, बटणं आणि ती चालवणारा जावास्क्रिप्टचा मजकूर. पान पांढरं राहिलं म्हणजे बुद्धी बिघडली नाही, पान पोचलं नाही.

मग ते अडलं कुठं? त्याच वायफायवर मित्राच्या मोबाइलवर तेच संकेतस्थळ झकास उघडलं. म्हणजे पलीकडचा सर्व्हर ठीक, इंटरनेटही ठीक. मग त्याच काँप्युटरवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडली, जिला इन्कॉग्निटो म्हणतात. तिथंही उघडलं! खासगी खिडकी कोऱ्या पाटीनं सुरू होते, आधी साठवलेलं काही वापरत नाही. (तिच्यात जाहिराती अडवणारी वगैरे एक्स्टेन्शनंही एरवी बंद असतात, म्हणून ती आधी तपासली. इथं एकही नव्हतं.) उरलं एकच: या ब्राउझरनं जे साठवून ठेवलंय, त्यात गडबड.

"साठवून म्हणजे कुठं?" मित्रानं विचारलं.

"पेवात."

हा शब्द त्याला समजावावा लागला नाही. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची. २००५च्या महापुरात त्यातली कित्येक गेली. अरुंद तोंड, आत पोट मोठं, वरून बंद. गंमत म्हणजे 'कॅश' हा काँप्युटरवाल्यांचा शब्दही तसाच आहे. रोकड म्हणतो ती कॅश वेगळी. ही फ्रेंचमधल्या 'लपवणे' या क्रियापदापासून आलेली. उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करणारे लोक शिधा खड्ड्यात पुरून ठेवायचे, त्या साठ्याला हे नाव होतं. म्हणजे शब्दश: पेवच.

ब्राउझरला पेव लागतं कशाला? अंतरामुळे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेचा पश्चिम किनारा इथून तेरा-चौदा हजार किलोमीटर. नुसत्या जाण्यायेण्यातच सेकंदाचा सातवा हिस्सा गेला, आणि एका पानासाठी अशा बऱ्याच फेऱ्या होतात. म्हणून एकदा आणलेला माल जवळ ठेवायचा. मुंबईसारख्या जवळच्या शहरातही त्याच्या प्रती ठेवलेल्या असतात.

पण साठवलेला माल शिळा झाला हे कळायचं कसं? इथून पुढचा भाग मला फार आवडतो, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

पानाचे दोन भाग समजा. एक छोटी यादी, आणि त्या यादीत नावं असलेल्या मोठ्या फाइली. फाइलीच्या नावात एक विचित्र अक्षरांची शेपटी असते. ती त्या फाइलीतल्या मजकुरावरूनच गणितानं काढलेली असते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी शेपटी पार बदलते. म्हणजे एका नावाची फाइल कधीच बदलत नाही. मजकूर बदलला की नाव नवं. म्हणून सर्व्हर अशा फाइलीसोबत बिनधास्त सांगतो, ३,१५,३६,००० सेकंद ठेव. म्हणजे एक वर्ष. यादीचं मात्र नाव कायम तेच, आतला मजकूर बदलता. म्हणून तिच्यावर शिक्का असतो 'नो-कॅश'. याचा अर्थ 'साठवू नको' असा बहुतेकांना वाटतो, आणि तो चूक आहे. अर्थ असा की साठव, पण वापरण्याआधी दर वेळी विचार. (अजिबात साठवू नको, यासाठी 'नो-स्टोअर' असा वेगळा शिक्का आहे.) ब्राउझर विचारतो, माझ्याकडे अमुक खुणेची प्रत आहे, चालेल? सर्व्हर '३०४' एवढाच आकडा पाठवतो: बदल नाही, चालेल. किंवा नवी यादी देतो.

इतकी चोख व्यवस्था असताना पान अडकलं कसं? कारण काही संकेतस्थळं पेवाच्या तोंडाशी एक राखणदार बसवतात. त्याचं नाव सर्व्हिस वर्कर. पान आणि इंटरनेट यांच्यामध्ये तो बसतो, आणि नेट नसलं तरी पान उघडावं म्हणून यादी स्वत:च्या साठ्यातूनच देतो. सर्व्हरला विचारतच नाही! दर वेळी विचारायचा तो शिक्का इथं निकामी झाला.

मग नवी यादी येणार कशी? ब्राउझर अधूनमधून तपासतो की सर्व्हरकडे राखणदाराची नवी आवृत्ती आहे का. असली तर नवा राखणदार येतो, सामान लावतो, आणि दारात थांबतो. जुन्याच्या हाताखाली त्या संकेतस्थळाची एकही टॅब उघडी असेल तोवर तो आत येत नाही. संकेतस्थळवाल्यांनी मुद्दाम वेगळी सूचना दिली नसेल तर नियमच तसा आहे, आणि त्याला कारणही आहे: दोन टॅबमध्ये दोन आवृत्त्या चालून एकाच माहितीवर झटापट होऊ नये. आणि खुबी अशी की टॅब एकच असली तरी नुसतं रिफ्रेश करून ती सुटत नाही. जुनं पान जाता जाता नवं येतं, मध्ये रिकामा क्षणच नसतो.

मित्राकडे एकाच संकेतस्थळाच्या चार टॅब उघड्या होत्या. एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर आपल्या तक्रारी लिहितो ती वही, पाहिला तर लाल ओळ: जावास्क्रिप्ट मागितली, पण आलं एचटीएमएल, म्हणजे नुसता पानाचा मजकूर. जुन्या राखणदारानं जुनी यादी दिली, यादीत जुन्या शेपटीची फाइल, ती त्याच्या साठ्यात नव्हती म्हणून सर्व्हरकडे मागितली. सर्व्हरनं ती केव्हाच काढून टाकलेली. त्यानं तिच्या जागी मुखपृष्ठ पाठवलं. हळद मागितली आणि पोत्यात पावती आली! ब्राउझरनं ती नाकारली, हे योग्यच. तिथल्याच 'ॲप्लिकेशन' या भागात तर नव्या राखणदाराबद्दल स्पष्टच लिहिलेलं: वेटिंग टु ॲक्टिव्हेट, म्हणजे सुरू व्हायची वाट पाहतोय. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की पान यायचं, कारण त्या वेळेपुरतं राखणदाराला बगल दिली जाते. साधं रिफ्रेश केलं की पुन्हा पांढरं.

इलाज अर्ध्या मिनिटाचा. चारही टॅब बंद केल्या, नवी उघडली. आलं पान.

तेवढ्यानं भागलं नसतं तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून फक्त त्या संकेतस्थळाची साठवण पुसायची. सगळ्या ब्राउझरची पुसायला जाऊ नका; बँकेपासून जीएसटीपर्यंत सगळीकडे नव्यानं लॉगिन करत बसाल. खात्यात जपलेली संभाषणं जात नाहीत, ती सर्व्हरवर असतात. घड्याळ चुकलेलं असलं तरी पानं उघडत नाहीत, पण तेव्हा पांढऱ्या पानाऐवजी प्रमाणपत्राची तक्रार दिसते. जुन्या काँप्युटरात त्याचं मूळ बहुधा घड्याळ चालू ठेवणारा, तीन व्होल्टचा एक नाण्याएवढा सेल संपलेला असणं हे असतं.

आणि कधी कधी आपण काहीही करून उपयोग नसतो. १८ नोव्हेंबर २०२५ला आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमाराला चॅटजीपीटी, एक्स अशी कितीतरी संकेतस्थळं कोसळली. ती क्लाउडफ्लेअर नावाच्या ज्या मधल्या कंपनीच्या जाळ्यातून आपल्यापर्यंत येतात, तिथं एक अंतर्गत फाइल दुप्पट फुगली होती. चॅटजीपीटीवर मात्र सूचना येत होती की अमुक पत्ता 'अनब्लॉक' करा, जणू चूक वापरणाऱ्याची. त्या दिवशी कॅश पुसत बसलेल्यांची मला कीव येते. मोबाइल डेटावरही उघडत नसेल तर चहा घ्यावा.

"पण आम्ही तर रोज रात्री काँप्युटर बंद करतो," दिवाणजी म्हणाले. "टॅब राहतील कशा?"

मी टास्क मॅनेजर उघडला. अप टाइम, म्हणजे काँप्युटर सलग किती वेळ चालू आहे: २३ दिवस.

"बंद करून दाखवा बरं."

त्यांनी सराईतपणे पडद्याच्या खालचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. टेबलाखालचा पंखा घरघरत होता.

"म्हणजे नवा राखणदार तेवीस दिवस दारात उभा?" मित्र हसायला लागला. दिवाणजी टेबलाखाली वाकले आणि चाचपडत सीपीयूचं बटण शोधू लागले. बोट वर आलं ते पिवळंधमक होऊन.