कातळावरची फुलबाग: चार महिने पाणी, आठ महिने ऊन

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या खडकाच्या उघड्या पठारावर, घर बांधणाऱ्यांची फुलझाडांची हौस दोन-तीन वर्षांत थंडावते आणि त्याचा दोष सहसा उन्हाला दिला जातो. हे निदान अर्धेच खरे आहे. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नंतर कातळ तापत राहतो. म्हणून कोकणात टिकणाऱ्या बहुवर्षायू झाडाला पाण्याचा अभाव आणि पाण्याचा अतिरेक, असे दोन्ही एकाच वर्षात सोसावे लागतात. माझ्या मते यांतला अतिरेकच अधिक झाडे मारतो.

याचे कारण मुळांच्या श्वसनात आहे. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की तेथील हवा बाहेर जाते, मुळांना ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि अशा दुबळ्या मुळांवर फायटोफ्थोरासारखे रोगकारक जीव सहज हल्ला करतात, कारण त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचू शकतात. भर उन्हात हसणारी सदाफुली श्रावणात बुंध्यापासून काळी पडते ती यामुळेच. लॅव्हेंडर, रोझमेरी यांसारखी ‘कमी पाण्यावरची’ म्हणून विकली जाणारी झाडेही येथे रमत नाहीत. त्यांच्या भूमध्य सागरी मुलखात पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ऊबदार आणि सतत ओल्या मातीची त्यांना सवयच नाही.

आता जांभ्याकडे पाहू. लाखो पावसाळ्यांनी या खडकातील सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे राहिली. तांबडा रंग त्यांतील लोहाचा. ही माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील फॉस्फरस याच ऑक्साइडांना घट्ट चिकटून राहतो, त्यामुळे तो मातीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही. मात्र फुलझाडांच्या बाबतीत हा निकसपणा सर्वस्वी तोटा नाही. नत्र भरपूर मिळाले की झाड मोठी, मऊ पाने काढते, ती पाने अधिक पाणी उडवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तेच झाड आधी कोमेजते. बोगनवेलीला शेणखत आणि पाणी मुबलक दिले तर ती पानांनीच भरते; पाण्याची ओढाताण झाली की ती रंगीत छदांनी, म्हणजे फुलाभोवतीच्या पानांसारख्या भागांनी, लगडते. तो रंग फुलांचा नसतो, खरी फुले छदांच्या आत लहानशी, फिकट असतात.

म्हणूनच कातळ फोडून खोल खड्डा करायचा आणि त्यात बाहेरून आणलेली कसदार माती भरायची, ही प्रचलित पद्धत फुलझाडांसाठी मला पटत नाही. खड्ड्याच्या भिंती आणि तळ अखंड जांभ्याचे राहिले तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो. त्यापेक्षा चिरे रचून गुडघाभर उंचीचा वाफा करावा, चिऱ्यांचे सांधे सिमेंटने बुजवू नयेत, आणि आत जांभ्याची खडी, स्थानिक माती व थोडे कुजलेले शेणखत मिसळून भरावे.

झाडे निवडताना त्यांची पाणी वाचवण्याची तऱ्हा पाहावी. कण्हेरीची पर्णरंध्रे (पानांची सूक्ष्म छिद्रे) पानाच्या खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे वाऱ्याने उडणारे पाणी कमी होते. खुरचाफा जाड फांद्यांत पाणी साठवतो आणि कोरड्या दिवसांत पानेच झाडून टाकतो. त्याची फांदी लावण्यापूर्वी कापलेल्या जागेचा चीक सावलीत काही दिवस सुकू द्यावा, नाहीतर ती कुजते. ऑफिस टाइम म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब एरवी मका-उसाच्या, कमी पाण्यात भागणाऱ्या मार्गाने प्रकाशसंश्लेषण करतो आणि पाणी तुटले की निवडुंगांप्रमाणे रात्री कार्बन डायऑक्साइड साठवू लागतो, म्हणजे दिवसा पर्णरंध्रे मिटलेली ठेवता येतात. कळलावी आणि गुलबक्षी यांची तऱ्हा निराळी: वरचा भाग सुकतो आणि झाड जमिनीखालच्या गाठीत तग धरते. कळलावीचे कंद मात्र अत्यंत विषारी असतात, मुले खेळतात तेथे ती नको. काटेरी कोरांटीची फारशी निगा राखावी लागत नाही.

आम्लधर्मी माती पेंटगुळाला मानवते. नव्या घराच्या जोत्यालगत लावलेल्या पेंटगुळाची कोवळी पाने पिवळी पडून शिराच तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर बांधकामातील चुना-सिमेंट मातीत मिसळल्याने लोह मुळांना मिळेनासे झाले असण्याची शक्यता मोठी आहे. झाड तेथून हलवलेले बरे. अगदी पुळणीलगत, समुद्रकाठच्या वाळूपाशी घर असेल तर मर्यादवेलीला पर्याय नाही: ती खारा वारा सोसते, पेरापेरांतून मुळे सोडते आणि वाळू धरून ठेवते. घाणेरी कितीही फुलत असली तरी लावू नये, ती रानात पसरून स्थानिक झाडांना हटवते.

भाताची कापणी झाली की गुरे मोकळी सुटतात, आणि हिरवे काही शिल्लक नसताना ती अंगणात शिरणारच. कण्हेर आणि बिट्टी यांना ती सहसा तोंड लावत नाहीत, कारण दोन्हींत हृदयावर परिणाम करणारी विषे आहेत. छाटलेल्या फांद्यासुद्धा गोठ्याजवळ टाकू नयेत.

लागवडीसाठी मृगापेक्षा भाद्रपद बरा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, माती ओलसर असते आणि मुळांना खाली उतरायला वेळ मिळतो. पहिल्या उन्हाळ्यात मात्र सर्वांनाच पाणी लागते: रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्यावे, म्हणजे मुळे ओलीमागे खोल जातात. बुंध्याभोवती पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, थर घालावा, तो खोडाला टेकू देऊ नये आणि जूनपूर्वी बाजूला सारावा.