गुडघ्याची कूर्चादुरुस्ती : दीर्घकालीन परिणाम

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर असतो. हीच सांध्याची कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने तिची जखम सहसा आपणहून भरत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते. दुरुस्तीची शस्त्रक्रिया मात्र गेल्या काही दशकांतली आहे, आणि ती किती वर्षे टिकेल हे शस्त्रक्रियेबाहेरच्या गोष्टींवरही तितकेच ठरते.

पद्धतीची निवड महत्त्वाची. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशी जखमेत आणतात. त्यातून तयार होणारी कूर्चा तंतुमय असते, मूळच्या कूर्चेइतकी चिवट नसते. जखम लहान असेल तर निभावते. मोठ्या जखमेत काही वर्षांनी दुखणे परत येऊ शकते. रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून रोपण करण्याचे पहिले निष्कर्ष स्वीडनमधून १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी मायक्रोफ्रॅक्चर झालेल्या जागी असे रोपण फसण्याचा धोका वाढतो, म्हणून पहिला निर्णय घाईने घेऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पायाचा बाक. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर एकवटतो. तिथली कूर्चा कितीही निगुतीने दुरुस्त केली तरी प्रत्येक पावलाला तीच चेपली जाते. अशा वेळी नडगीचे हाड कापून पाय सरळ करावा लागतो. सैल झालेले लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) आणि काढून टाकलेला मेनिस्कस (सांध्यातली धक्के झेलणारी चकती) यांचाही हिशेब आधीच करायला हवा. वाढते वय, जास्त वजन, धूम्रपान, वर्षानुवर्षे अंगावर काढलेले दुखणे यांनीही परिणाम खालावतो. संधिवाताने सगळा सांधाच झिजला असेल, तर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.

पुढची कसोटी व्यायामाची. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने सुकतो. वाटीच्या वरचा आतला फुगवटा सपाट दिसू लागतो. जिना उतरताना गुडघा दगा देतो तो बहुधा यामुळेच. जखम भार पडणाऱ्या जागी असेल तर साधारण सहा आठवडे कुबड्या वापरून भार मर्यादित ठेवतात. त्या काळात सांधा हलता मात्र ठेवतात, कारण हालचालीने सांध्यातले वंगण फिरते आणि कूर्चेला पोषण मिळते. रोपण केलेल्या पेशींपासून घट्ट कूर्चा तयार व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात. दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि नेमके तेव्हाच धावायला सुरुवात केल्याने कोवळी कूर्चा उचकटण्याचा धोका असतो.