सत्ता कुणाच्या आधारावर उभी असते?

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफार खान यांच्या अटकेच्या निषेधार्थ लोक जमले होते. लष्कराच्या गोळीबारात अनेकजण मारले गेले. पण गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवाली यांनी आणि त्यांच्या जवानांनी निःशस्त्र माणसांवर बंदूक चालवायला नकार दिला. त्यांना कोर्टमार्शल होऊन कठोर शिक्षा झाल्या. तरी सरकारला खरी धडकी भरवली ती या नकारानेच. तीस कोटींहून अधिक लोकांचा देश जेमतेम हजारभर सनदी अधिकारी चालवत होते. बाकी सगळा कारभार इथल्याच शिपाई, कारकून आणि तलाठ्यांच्या जिवावर.

अहिंसक लढा राज्यकर्त्यांचं मनपरिवर्तन करतो, असं आपण सहज म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. तो त्यांचे आधार काढून घेतो.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी संशोधकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या चळवळी तपासल्या. सशस्त्र लढ्यांपैकी सुमारे २६ टक्के यशस्वी झाले होते, तर अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के. मुख्य कारण सहभागाचं. बंदूक उचलायला तरुण, धडधाकट आणि जिवावर उदार माणूस लागतो. बहिष्कारात किंवा संपात आजीही उतरते आणि शाळकरी मुलगीही. गर्दी इतकी सर्व थरांतली झाली, की समोर आपलंच कुणीतरी असेल या शंकेनं सैनिकाचा हात थबकतो. २३ ऑगस्ट १९८९ रोजी सोविएत संघाच्या ताब्यातल्या एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियातल्या सुमारे वीस लाख लोकांनी सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी केली. तिन्ही देशांची लोकसंख्या मिळून तेव्हा ऐंशी लाखांच्या आसपास होती! १९९१ च्या जानेवारीत सोविएत रणगाडे लिथुआनियाची राजधानी विल्नियसमध्ये घुसले, टीव्ही मनोऱ्यापाशी माणसं मेली, तरी संसदेभोवतीचे लोक हलले नाहीत. त्याच सप्टेंबरात मॉस्कोनं तिन्ही देशांचं स्वातंत्र्य मान्य केलं. अर्थात, त्याआधी ऑगस्टमध्ये कट्टर कम्युनिस्टांनी मॉस्कोत केलेला सत्ता बळकावण्याचा प्रयत्न फसला नसता तर हे इतक्या लवकर घडलं नसतं.

मात्र हुकूमशहा हटवण्यापेक्षा परक्या सत्तेपासून सुटणं बहुधा अवघड असतं, आणि तेव्हा सर्बियाच्या ताब्यात असलेल्या कोसोवोत ते फार वेदनादायक रीतीनं दिसलं. १९९० च्या दशकात इब्राहिम रुगोवा यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या अल्बेनियन लोकांनी सर्बियाशी असहकार पुकारला. घराघरांत समांतर शाळा भरवल्या, दवाखाने चालवले. कमालीची शिस्त होती. पण सर्बियानं अल्बेनियन कर्मचाऱ्यांना आधीच नोकऱ्यांवरून काढून टाकलं होतं. ज्यांच्यावाचून सत्तेचं काहीच अडत नाही, त्यांनी सहकार्य नाकारून तिला कशी झळ पोहोचणार? अशा वेळी दबाव बाहेरून, म्हणजे त्या सत्तेच्या मित्रदेशांकडून किंवा तिच्याच नागरिकांकडून आणावा लागतो. कोसोवोच्या वाट्याला तो वेळेत आला नाही. बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात त्यांचा प्रश्न बाजूलाच राहिला, निराश तरुण सशस्त्र गटाकडे वळले आणि १९९८ मध्ये युद्ध पेटलं.